स्वतःचा ओव्हरड्राइव्ह : गेन वाढवला की जाड तारा गढूळ होतात

सहावी_तार

मंडळी, एक ट्रान्झिस्टरचा बूस्टर आणि एक फझ असे दोन पेडल दुसऱ्यांच्या सर्किटवरून बनवले. दोन्ही छान चालतात. आता कुणाचं सर्किट न उचलता स्वतःचा ओव्हरड्राइव्ह (सिग्नल वाढवून मुद्दाम कापणारा पेडल) मांडायचा आहे. ब्रेडबोर्डवर जे उभं केलंय ते सांगतो.

गिटारचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून टीएल०७२ या दोन ऑप-अॅम्पच्या आयसीच्या एका अर्ध्या भागाच्या नॉन-इन्व्हर्टिंग पायाला जातो. त्या पायापासून ४.५ व्होल्टच्या रेफरन्सला १ मेगचा रेझिस्टर. फीडबॅकमध्ये ५०० के चा पॉट आणि त्याला समांतर दोन १एन४१४८ सिलिकॉन डायोड, एकमेकांना उलटे. इन्व्हर्टिंग पायापासून ग्राउंडकडे १ के आणि त्याच्यामागे १० मायक्रो. आउटपुटला आणखी एक १० मायक्रो आणि मग १०० के चा व्हॉल्यूम पॉट. आयसीचा दुसरा अर्धा भाग रिकामा आहे. सप्लाय ९ व्होल्ट.

गेन कमी असताना आवाज आवडतो. अर्ध्याच्या पुढे नेला की पाचव्या-सहाव्या तारेवरचे कॉर्ड ओळखूच येत नाहीत, नुसता गढूळ घुमारा. गिटार सिंगल कॉइलची आहे आणि नेक पिकअपवर हा त्रास सगळ्यात जास्त होतो. वरच्या बाजूला मात्र माशी गुणगुणल्यासारखी खरखर येते. गेन पूर्ण उघडला तर शिट्टीही वाजते.

डायोड बदलून पाहिले. जर्मेनियम टाकले, लाल एलईडी टाकले. आवाज लहान-मोठा होतो, गढूळपणा तसाच राहतो. कोणते डायोड घ्यावेत? का ९ ऐवजी १८ व्होल्ट द्यावेत?

मंद्रसप्तक

सर्किट इतकं नीट लिहिलंत की न पाहताही समोर दिसतंय. डायोड बदलणं आधी थांबवा. गढूळपणा डायोडपर्यंत पोचायच्या आधीच तयार होतोय.

१ के आणि १० मायक्रोची जोडी बघा. हिचा कटऑफ (ज्या वारंवारतेपासून ती कापायला लागते) म्हणजे १ भागिले (२ × पाय × आर × सी), हिशेब केला तर साधारण १६ हर्ट्झ. मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झला वाजते. इनपुटचा ०.१ मायक्रो आणि १ मेग तर दीड हर्ट्झच्या आसपास कापतात. म्हणजे पिकअपमधून जे येईल ते बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच मापाने वाढतंय, आणि पॉट पूर्ण उघडा असेल तर ते माप ५०१ पट आहे. पिकअपने १०० मिलिव्होल्ट दिले तर हिशेबाने ५० व्होल्ट निघायला हवेत. डायोड ०.६ व्होल्टवर अडवतात.

आता यात जाड तार काय करते ते पाहा. नेक पिकअपवर तिचा मूळ स्वर सगळ्यात मोठा असतो, म्हणून डायोड कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे तीच ठरवते. तिची लाट शिखरावर असताना वरच्या तारांचा सिग्नल जवळजवळ पुसला जातो. ती शून्यातून जाते तेवढ्या क्षणापुरता तो सुटतो. सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा ही उघडझाप चालते. तुम्हाला कॉर्ड ओळखू येत नाही याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण गणिताचं आहे, आणि ओव्हरड्राइव्ह मांडणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा कागदावर करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. दोन स्वर एकत्र कापले गेले की नवे स्वर जन्माला येतात. तुमच्यासारखं दोन्ही बाजूंनी सारखं क्लिपिंग (लाटेचे शेंडे कापणं) असेल तर त्यांतला महत्त्वाचा म्हणजे एकाची दुप्पट वजा दुसरा. पॉवर कॉर्ड घ्या : ई ८२.४ आणि बी १२३.५. ई ची दुप्पट वजा बी, म्हणजे ४१.३. हा ई च आहे, एक सप्तक खाली. कानाला तो परका वाटत नाही, उलट कॉर्डला वजन येतं. म्हणून कितीही गेनवर पॉवर कॉर्ड टिकतो.

आता सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटपासून ए मेजर धरा : ए ११०, सी शार्प १३८.६, ई १६४.८. सी शार्पची दुप्पट वजा ए काढा, १६७.२ येतात. शेजारी तुमचा खरा ई १६४.८ वर वाजतोच आहे. दोघांत अडीच हर्ट्झचंही अंतर नाही, म्हणजे तो स्वर सेकंदाला दोन-अडीच वेळा हेलकावतो. अशा जोड्या एका कॉर्डमध्ये बऱ्याच तयार होतात. गिटारच्या फ्रेट समान अंतराच्या स्वरांवर बसवलेल्या असतात, तिथला गांधार शुद्ध गांधारापेक्षा थोडा चढा असतो, आणि क्लिपिंग तो फरक भिंगाखाली धरतं. डायोड जर्मेनियमचा असो की सिलिकॉनचा, हे गणित बदलत नाही.

उपाय : क्लिपिंगच्या आधी बेस कमी करा, क्लिपिंगच्या नंतर ट्रेबल कमी करा. माझ्या मते ओव्हरड्राइव्हच्या आवाजातला मोठा वाटा या दोन कापांचा असतो, डायोडचा त्या मानाने थोडा.

१० मायक्रो काढून तिथे ०.२२ लावा. कटऑफ ७२० हर्ट्झच्या जवळ जाईल. ०.४७ लावला तर ३४० च्या जवळ, १ मायक्रोला १६०. तिन्ही लावून तोच ए मेजर वाजवा. १९७९ च्या सुमारास आलेल्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये याच जागी ४.७ के आणि ०.०४७ मायक्रो आहेत. करा हिशेब, ७२० च येतात.

बेस गायब होईल अशी भीती वाटत असेल तर एक सुंदर गोष्ट सांगतो. नॉन-इन्व्हर्टिंग मांडणीचा गेन १ च्या खाली जातच नाही. कटऑफच्या खालचे स्वर जितके खाली तितके कमी वाढतात, पण आले त्याहून लहान होत नाहीत. शिवाय या मांडणीत आउटपुट म्हणजे मूळ सिग्नल अधिक डायोडवरचा व्होल्टेज. म्हणजे कापलेल्या आवाजाखाली न कापलेली गिटार कायम वाजत असते. पिकचा आघात या पेडलांत जिवंत राहतो तो यामुळे. डायोड ग्राउंडला जोडणाऱ्या सर्किटांत ही सोय नसते.

वरच्या खरखरीसाठी आधी फीडबॅक पॉटला समांतर ४७ किंवा ५१ पिकोफॅरड टाका. मात्र डायोड वाहू लागले की त्यांचा रोध खूप उतरतो आणि तेव्हा या छोट्या कपॅसिटरचा फारसा उपयोग राहत नाही, म्हणून पुढे वेगळा फिल्टर हवाच. पहिल्या भागाच्या आउटपुटपासून ४.७ के, तिथून ग्राउंडकडे ०.०१ मायक्रो. कटऑफ ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास. तुमच्या रिकाम्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा बफर (गेन १ चा टप्पा) करून हा फिल्टर त्यात द्या, म्हणजे व्हॉल्यूम पॉटमुळे त्याचा कटऑफ सरकणार नाही. एरवीही रिकामा ऑप-अॅम्प लोंबकळत ठेवू नये : आउटपुट इन्व्हर्टिंग पायाला जोडावा, दुसरा इनपुट रेफरन्सला.

बेस आधी कापण्याची ही युक्ती फार जुनी. साठच्या दशकातल्या डॅलस रेंजमास्टरमध्ये एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहे आणि इनपुटला ०.००५ मायक्रोचा इवलासा कपॅसिटर. त्या काळच्या जाड आवाजाच्या अॅम्पला कापायला फक्त वरचे स्वर मिळावेत, ही त्यामागची करामत.

१८ व्होल्टचा विचार सोडा. डायोड ०.६ वर अडवत असताना टीएल०७२ ला ९ व्होल्टमध्ये पुरेशी मोकळीक आहे, लाल एलईडी घातले तरी आहे. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १६ व्होल्टचे असतील तर १८ देऊच नका.

शिट्टीबद्दल उद्या लिहितो. तोवर आयसीच्या सप्लायच्या पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रो आहे का, आणि ४.५ व्होल्टच्या रेफरन्सवर ग्राउंडकडे ४७ मायक्रो आहे का, एवढं पाहून ठेवा.

जवारी

मंद्रसप्तक यांचं बहुतेक सगळं पटलं, पण डायोडना इतकं बाजूला सारू नये. कोणता डायोड यापेक्षा किती डायोड, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एका दिशेला एक आणि दुसऱ्या दिशेला दोन लावले की क्लिपिंग असमान होतं आणि सम हार्मोनिकही (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर) येतात. सारख्या क्लिपिंगमध्ये फक्त विषम येतात. बॉस कंपनीचा एसडी-१ ओव्हरड्राइव्ह १९८१ पासून याच तीन डायोडांच्या मांडणीवर चालतोय, आणि एका तारेवर सोलो वाजवताना तो फरक मला स्पष्ट ऐकू येतो.

शिट्टीसाठी : ऑडिओ प्रोब बनवा. जुनी गिटार केबल घ्या, एका टोकाचा प्लग काढा, आतल्या तारेला ०.१ मायक्रोचा कपॅसिटर लावा, जाळी सर्किटच्या ग्राउंडला. दुसरं टोक अॅम्पला. कपॅसिटरचं मोकळं टोक सर्किटच्या एकेका बिंदूवर टेकवत चला, शिट्टी कुठून सुरू होते ते कानानेच कळतं. अॅम्पचा आवाज आधी अगदी बारीक करून ठेवा.

मंद्रसप्तक

असमान क्लिपिंगचा मुद्दा मान्य, एका स्वरावर फरक पडतो. कॉर्डवर मात्र तो दुधारी आहे. सम क्रमाच्या विकृतीत दोन स्वरांची थेट बेरीज आणि वजाबाकीही येते. वरच्या ए मेजरमध्ये १३८.६ वजा ११० म्हणजे २८.६ हर्ट्झ, निव्वळ गुरगुर. म्हणून दोनास एक डायोड लावायचे तर आधीचा बेसचा काप आणखी कडक ठेवावा.

डायोडची तुलना करताना एक पथ्य मात्र पाळाच : दर वेळी व्हॉल्यूम पॉट फिरवून मोठेपणा सारखा करा. जर्मेनियम ०.३ च्या आसपास कापतो, लाल एलईडी १.७ च्या. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. ‘एलईडी जास्त मोकळे वाजतात’ हे मत इतकं पसरलंय त्यात या मोठेपणाचा हात मोठा आहे.

आता शिट्टी. ५०० पट गेन आणि १ मेगचा इनपुट, म्हणजे आउटपुटची तार इनपुटच्या तारेजवळून गेली तरी हवेतून पुरेसा सिग्नल परत येतो. त्यात ब्रेडबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्या म्हणजे आपोआप तयार झालेला काही पिकोफॅरडचा कपॅसिटर. इनपुट आणि आउटपुट बोर्डाच्या दोन विरुद्ध टोकांना न्या, मधल्या तारा आखूड करा. कटऑफ वर सरकल्यावर बेसमधला गेन उतरेल, पण शिट्टीच्या पट्ट्यात तो तसाच राहणार, तेव्हा मांडणी सुधारण्याला पर्याय नाही. आणि स्वच्छ सांगायचं तर ५०० पटीची गरज नाही. ट्यूब स्क्रीमर पूर्ण उघडला तरी साधारण ११८ पटच आहे. १ के काढून तिथे ४.७ के घाला, कपॅसिटर त्या हिशेबाने लहान करा.

सहावी_तार

दोघांचेही खूप आभार. सांगितल्याप्रमाणे ४.७ के घातला. ०.०४७ लावल्यावर ए मेजर पहिल्यांदाच ए मेजर म्हणून ऐकू आला. तीनही स्वर वेगळे! नेक पिकअपवर हेच माप ठेवावंसं वाटतं. ब्रिज पिकअपवर मात्र आवाज अंमळ किरटा होतो, तिथे ०.१ बरा वाटला. म्हणून एक टॉगल स्विच घातला : ०.०४७ कायम, आणि स्विच दाबला की त्याला समांतर आणखी एक ०.०४७. कटऑफ अर्ध्यावर, ३६० च्या आसपास येतो. डायोड दोनास एक करून पाहिले, सोलोला आवडले, कॉर्डला नाही. १एन४१४८ ची जोडीच ठेवतोय.

शिट्टी रेफरन्सच्या कपॅसिटरने आणि तारा आखूड केल्याने पूर्ण गेली.

दोन प्रश्न उरलेत. टॉगल टाकला की अॅम्पमधून जोरात ‘ठप्प’ आवाज येतो. हा कसा घालवायचा? आणि आता डब्यात बसवायचंय, तर कशाची काळजी घ्यावी? डबा ११२ × ६० × ३१ मिलिमीटरचा, ओतीव अॅल्युमिनियमचा, वरून पावडर कोटिंग केलेला. फूटस्विच नऊ पायांचा थ्रीपीडीटी (तीन जोड एकदम बदलणारा).

मंद्रसप्तक

तुम्ही टॉगलवर पोचलात याचा खरंच आनंद झाला. हा आता तुमचा पेडल आहे, कारण ते माप तुमच्या गिटारच्या दोन पिकअपवरून आलंय.

ठप्पचं कारण : तुमच्या इन्व्हर्टिंग पायावर ४.५ व्होल्ट असतात आणि तो कपॅसिटर ग्राउंडला जातो, म्हणजे त्याच्यावर कायम ४.५ व्होल्ट भरलेले हवेत. स्विच उघडा असताना दुसऱ्या ०.०४७ चं एक टोक अधांतरी असतं आणि तो कालांतराने रिकामा होतो. जोडल्या क्षणी तो झपकन भरून घेतो, त्याचा हा आवाज. स्विच कपॅसिटरच्या ग्राउंडकडच्या बाजूला ठेवा आणि स्विचच्या दोन टोकांमध्ये १ किंवा २.२ मेगचा रेझिस्टर लावा. उघड्या स्थितीतही कपॅसिटर हळूहळू भरलेला राहतो, आणि इतका मोठा रेझिस्टर आवाजात काहीच ढवळाढवळ करत नाही.

फूटस्विचलाही हेच तत्त्व. बायपासमध्ये (पेडल बंद असताना) इनपुटच्या ०.१ मायक्रोची बाहेरची बाजू मोकळी पडते. तिथून ग्राउंडला १ ते २.२ मेग लावा. आउटपुटला वेगळा नको, व्हॉल्यूम पॉट ते काम करतोच.

डब्याचं म्हणाल तर पावडर कोटिंगकडे लक्ष द्या. रंग वीज वाहू देत नाही. जॅकची बाही आतून जिथे टेकते तिथलं आणि पॉटच्या बुडाशी जिथे धातू लागतो तिथलं कोटिंग आतल्या बाजूने खरवडा. डबा ग्राउंडला जोडला गेला नाही तर तो ढाल राहत नाही, उलट गुणगुण गोळा करतो. बसवून झाल्यावर झाकणापासून जॅकच्या बाहीपर्यंत मल्टिमीटरने सलगता तपासा. झाकणालाही कोटिंग असतं, स्क्रूच्या जागी ते आतून घासावं लागतं.

भोकं पाडताना आधी सेंटर पंचने खूण करा, मग ३ मिलिमीटरचं पायलट, मग स्टेप ड्रिल. फूटस्विचला १२ मिलिमीटर लागतात. पॉटचं माप पॉट हातात घेऊन घ्या, सगळ्यांचे दांडे एका जाडीचे नसतात. ३१ मिलिमीटरच्या खोलीत जॅकच्या पाठी आणि पॉटचे पाय एकमेकांना भिडतात, म्हणून सगळे भाग कागदावर खऱ्या मापात आखून मगच ड्रिल उचला. बोर्डाच्या सोल्डरकडच्या बाजूला जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा तुकडा घाला.

इनपुट जॅकपासून स्विचपर्यंतची तार शिल्डेड घ्या, जाळी फक्त एका टोकाला ग्राउंड करा. तुमच्या डब्यात जागा कमी, गेन अजूनही शंभरावर, तेव्हा ही तार आउटपुटच्या तारेपासून लांबच्या भिंतीने न्या. फूटस्विचच्या पायांवर सोल्डरिंग रेंगाळू नका, आतलं प्लास्टिक आणि ग्रीस उष्णतेने बिघडतं आणि स्विच काही महिन्यांत दगा देतो. एका पायावर सोल्डर दिल्यावर दुसऱ्या रांगेतला पाय घ्या, पहिल्याला थंड होऊ द्या.

सप्लायच्या वाटेत १एन५८१७ हा शॉट्की डायोड मालिकेत टाका. एखाद्याने उलट पोलॅरिटीचा अॅडॉप्टर खुपसला तरी आयसी वाचतो, आणि शॉट्की असल्याने नुकसान ०.३ व्होल्टच्या आसपासच. त्यानंतर ग्राउंडकडे १०० मायक्रो.

नवातंतू

शेजारून विचारतो, टीएल०७२ नाहीये माझ्याकडे, जेआरसी४५५८ आहे. हेच सर्किट चालेल? की आवाज वेगळा येईल?

मंद्रसप्तक

चालेल. दोन्हींची पायांची मांडणी एकच आहे. ४५५८ चा इनपुट बायपोलर आहे, त्यामुळे १ मेगमधून थोडा करंट ओढला जाऊन बायस किंचित सरकेल, पण ९ व्होल्टमध्ये तेवढ्याने बिघडत नाही. बोर्डावर आठ पायांचं सॉकेट लावा, म्हणजे दोन्ही बदलून ऐकता येतील. क्लिपिंग डायोड करत असताना मला तरी या दोघांत फार फरक ऐकू येत नाही. त्यापेक्षा ०.०४७ च्या जागी ०.०६८ लावून ऐका.